अकरा खुंट्यांचा उतार

वैशाख सरत आला की आमच्या शहरात रस्त्यांच्या कडेला काळ्या, ओल्या मातीचे ढीग दिसू लागतात. पावसाळ्याआधी नाले उपसले जातात, गाळ काठावर टाकला जातो आणि तो वाळेपर्यंत दोन-तीन दिवस हवेत एक जड, कुजकट, किंचित गंजासारखा वास भरून राहतो. लोक नाकाला रुमाल लावून झपाझप पुढे जातात. मी थांबते. पासष्टी ओलांडलेली एक निवृत्त शिक्षिका गटाराच्या ढिगाशेजारी छत्री टेकून का उभी राहते, हे पाहणाऱ्याला कळणार नाही. कुणाला मोगऱ्याच्या वासाने आपला उन्हाळा आठवतो, कुणाला कैरीच्या. माझ्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा उन्हाळा मला या वासाने आठवतो, याला माझा इलाज नाही.

आठवण सांगण्याआधी थोडी मांडणी करून घेते. भूमितीच्या प्रमेयासारखे पक्ष काय आणि साध्य काय, हे फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमचे शहर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. पाऊस इथे कमी. पण येतो तेव्हा एका दमात येतो. बाजारपेठ उंचावर आहे आणि तिच्या पायथ्याशी आहे खालची गल्ली. वर्षातून दोन-चार वेळा बाजाराचे सारे पाणी त्या गल्लीतल्या घरांत शिरत असे, आणि उरलेले वर्षभर तीच गल्ली आठ दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट पाहत असे. पाणी फार झाले आणि पाणी मुळीच नाही, या दोन्ही तक्रारी एकाच अर्जावर लिहिणारी गल्ली मी दुसरी पाहिली नाही.

त्या गल्लीतून पावसाचे पाणी वाहून नेणारे पक्के गटार बांधायचे नगरपालिकेने ठरवले, आणि ते गावातल्याच सात मुलामुलींच्या हातून बांधून घ्यायचे, असेही ठरले. अठरा ते एकवीस या वयाची, शाळा सुटलेली, कुणी पोलिसांच्या नजरेत आलेली, कुणी यायच्या बेतात असलेली ही मुले. मिस्त्रींनी त्यांना हातचे काम शिकवावे आणि कुणा शिक्षकाने मोजमाप, अशी योजना होती. त्या कामाचे तरुण अभियंता माझ्याकडे कागद घेऊन आले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले होते आणि निवृत्तीनंतरची दोन वर्षे घरातले डबे चढत्या क्रमाने लावण्यात घालवली होती. कागदावर त्या मुलांना ‘जोखमीच्या उंबरठ्यावरील युवक’ असे म्हटले होते. मी ते शब्द दोनदा वाचले. उंबरठ्याला दोन बाजू असतात, एवढेच मनात आले, आणि मी होकार दिला.

सकाळी साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबाखाली आमचा वर्ग भरे. पालथ्या घातलेल्या घमेल्यांवर मुले बसत. फळा नव्हता, मिस्त्रींनी एका घराच्या भिंतीला चुन्याचा पट्टा ओढून दिला होता आणि त्यावर मी विटेच्या तुकड्याने आकृत्या काढी. या मिस्त्रींचे नाव हणमंतराव. साठीचे, सावकाश बोलणारे, कानावर पेन्सिल ठेवलेले. पहिल्याच दिवशी माझी वही, पट्टी आणि लाल पेन पाहून ते गंभीरपणे म्हणाले होते, “बरं झालं बाई तुमी आलात. पुस्तकातलं गटार कवाच तुंबत न्हाय.” मुले हसली. मीही हसले, पण त्या वाक्याची नोंद मी वहीत करून ठेवायला हवी होती.

सातांपैकी तिघांविषयी सांगते. इम्रानने तेरखेड्याला फटाक्यांच्या कामात एक हंगाम काढला होता. आईच्या जिवाला घोर लागला म्हणून तो परत आला आणि मग दिवसभर चौकात बसू लागला. त्याचे तोंड एक क्षण बंद नसे. पूजाला दहावीच्या आधीच लोहारा तालुक्यात लग्न करून दिले होते. वर्षभरात ती माहेरी आली आणि परत गेली नाही. ती कमी बोले आणि फावडे असे चालवी की हणमंतराव इतरांना तिच्याकडे बोट दाखवीत. आणि तिसरा सुमेध. एकोणीस वर्षांचा, उंच, मान किंचित खाली घालून चालणारा. शेतातल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या होत्या. चोरी त्याने केली नव्हती, पण चोरीचा माल त्याच्या मोटरसायकलवरून गेला होता. तो जामिनावर सुटलेला होता आणि दर सोमवारी पोलीस ठाण्यात सही करून कामावर येई. ज्या माणसाने त्याला मोटरसायकल आणायला सांगितले होते, त्या माणसाची पानटपरी बसस्थानकाच्या वाटेवर होती, अजूनही चालू होती, आणि तिच्यापुढच्या बाकावर सुमेधची जागा रिकामी ठेवलेली होती.

हे मला त्याच्या आईने सांगितले. ती एका शाळेत मुलांची खिचडी शिजवी. एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली, आत यायला तयार होईना, आणि पायरीवरूनच म्हणाली, “बाई, त्याला कामात गुतवून ठिवा. रिकामा दिसला की ती मानसं हाक मारत्यात. आन् हाक मारली की ह्यो जातोय.” दुसरे काही मागितले नाही. गटाराच्या या कामात काय पणाला लागले आहे, हे मला त्या पायरीवर कळले.

बांधकामावर समतल पाहण्यासाठी पारदर्शक नळी वापरतात. नळीत पाणी भरायचे, बुडबुडे काढून टाकायचे, आणि दोन टोके दोन ठिकाणी उभी धरायची. मधली जमीन कितीही उंचसखल असो, दोन्ही टोकांतले पाणी एकाच उंचीवर येऊन थांबते. त्या रेघेवर दोन्हीकडे खूण केली की समतल मिळाला. इतके साधे आणि इतके अचूक साधन शाळेच्या प्रयोगशाळेतही मी पाहिले नव्हते. नळीचे एक टोक सुमेधकडे होते, दुसरे इम्रानकडे. पाणी डुचमळले, खालीवर झाले आणि स्थिरावले. मी समजावून सांगितले की पाणी टोक धरणाऱ्याचे तोंड पाहत नाही.

“म्हंजी तुमच्यावानीच की बाई,” इम्रान म्हणाला. “सगळ्यांकडं सारखं बघतंय.”

सुमेधने नळीवरची नजर न काढता म्हटले, “म्या तुमच्याच वर्गात व्हतो बाई. आठवीत. खिडकीच्या मागच्या बाकावर.”

मला तो आठवला नाही. मी त्याच्या चेहऱ्यात आठवीतला मुलगा शोधला, हजेरीपटातील नावे मनात म्हणून पाहिली, आणि ते नाव मला सापडले नाही. त्याला काही वाईट वाटलेले दिसले नाही. त्याने खूण केली, पेन्सिल कानावर ठेवली, अगदी हणमंतरावांसारखी, आणि नळी पुढच्या ठिकाणी नेली. मी मात्र बराच वेळ भिंतीवरच्या त्या खुणेकडे पाहत राहिले. साठ मुलांच्या वर्गात मी कुणालाही जवळचे केले नाही, कुणालाही दूरचे केले नाही, याचा मला एकतीस वर्षे अभिमान होता.

उन्हाळ्याच्या त्या सकाळी मला आजही तपशिलासह दिसतात. काँक्रीटवर टाकलेल्या ओल्या गोणपाटाचा वास. वाळूच्या चाळणीचा एकसुरी आवाज, जो थांबला की जाग आल्यासारखे वाटे. नऊच्या सुमारास समोरच्या घरातून शेवंताकाकू काळा चहा पाठवी. शेवंताकाकू म्हणजे गल्लीची जुनी रहिवासी. सत्तरीची, एकटी, तोंडाने फटकळ. तिच्या दारात एक शेवगा होता. नळ आठवड्याने येणाऱ्या घरात झाड जगवायचे म्हणजे पाणी तीनदा वापरावे लागते: आधी अंघोळ, त्याच पाण्यात कपड्यांची पहिली खळखळ, आणि मग ते झाडाला. तिचा शेवगा असा तिसऱ्या हाताच्या पाण्यावर वाढलेला होता आणि त्याच्या शेंगा ती गल्लीत मोजून वाटी.

चैत्राच्या अखेरीस हणमंतराव सोनारीला काळभैरवाच्या यात्रेला गेले. घराण्याचा नेम होता, चार दिवस लागणार होते. जाताना त्यांनी मला सांगितले की तोवर मुलांचा समतलाचा सराव पक्का करून घ्या, तळाचे काँक्रीट आपण परत आल्यावर टाकू. मुलांनी ऐकले आणि आपसांत काही ठरवले. मिस्त्री परत येतील तेव्हा पंचवीस मीटरचा पहिला टप्पा तयार दिसला पाहिजे, असे त्यांच्या मनात आले होते. पूजा माझ्याकडे परवानगी मागायला आली. नळी त्यांना येत होती, खुणा त्यांना येत होत्या, मिश्रणाचे प्रमाण त्यांना तोंडपाठ होते. मी हो म्हटले.

त्या चार दिवसांतली त्यांची मेहनत मी शब्दांत सांगू शकणार नाही. दर अर्ध्या मीटरला ते नळी लावत. एका ठिकाणी तळ नखभर वर आला म्हणून सुमेधने ओला थर खरवडून पुन्हा घातला. ज्या घरांच्या जमिनी उखडलेल्या, ज्या अंगणांत पाण्याची डबकी, अशा घरांतून आलेली ही मुले. त्यांना आयुष्यात एकदा तरी एखादी गोष्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ करून दाखवायची होती. चौथ्या दिवशी मी पट्टी घेऊन मोजमाप घेतले. अकरा ठिकाणी मोजले. अकराही ठिकाणी तळ एकाच उंचीवर होता. कामाच्या वहीत मी लाल शाईने एकच शब्द लिहिला: अचूक. खाली सही केली. इम्रानने वही उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, “शाळेत व्हतो तवा हे लाल पेन नुसतं फुल्या मारायचं.”

चाणाक्ष वाचकाला चूक आधीच दिसली असेल. आम्हा आठ जणांना ती दिसली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी शेवंताकाकूने नव्या गटाराचा मान म्हणून कपड्यांच्या पाण्याची एक बादली त्यात रिती केली. निळसर फेस तळावर पसरला, दोन्हीकडे थोडा सरकला आणि थांबला. आम्ही वाट पाहिली. फेस विरला, पाणी होते तिथेच होते. त्याच वेळी एका बाजूने यात्रेचा प्रसाद हातात घेऊन हणमंतराव आले आणि दुसऱ्या बाजूने अभियंता. हणमंतराव उकिडवे बसले, तळावरून तळहात फिरवला आणि हळू म्हणाले, “लई देखनं झालंय, लेकरांनो. पन ह्यात म्हशी पानी पितील.”

अभियंत्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी कडुनिंबाचे एक पान खुडले आणि पाण्यावर सोडले. पान गोल फिरले आणि स्थिर झाले. सात मुले, तीन म्हातारी माणसे आणि एक अभियंता त्या पानाकडे पाहत उभे होते. समतल तळावर पाणी उभे राहते. पाण्याला पुढे जायचे तर उतार द्यावा लागतो. सहावीतल्या मुलालाही ठाऊक असलेली ही गोष्ट माझ्याकडून शिकवायची राहून गेली होती, कारण माझा धडा समतलाचा होता आणि तो फार चांगला चालला होता.

अभियंत्यांनी शांतपणे सांगितले की पावसाला महिनाभर उरला आहे, काम पुन्हा करण्याइतका अवधी नाही, आणि पुढच्या आठवड्यापासून हे काम ठेकेदाराच्या नेहमीच्या माणसांकडे द्यावे लागेल. मुलांना दुसरीकडे कुठे सामावून घेता येईल का, ते बघू. सुमेधने हातातली थापी खाली ठेवली. अगदी हळू ठेवली, आवाज होऊ न देता.

मी वही उघडून अभियंत्यांसमोर धरली. “हा शब्द माझा आहे,” मी म्हटले. “मुलांनी मी शिकवले तेच केले आणि ते बिनचूक केले. उतार मी शिकवला नाही. चूक माझी आहे.”

एवढे बोलायला मला किती वेळ लागला असेल? काही क्षणच. पण ही वाक्ये मी वर्गात कधी उच्चारली नव्हती, हे बोलताना माझ्या ध्यानात आले. अभियंत्यांनी वहीतला शब्द वाचला. विचार करून त्यांनी पुढच्या बुधवारपर्यंतची मुदत दिली. अट एकच: वरच्या टोकाला सोडलेले पान खालच्या टोकापर्यंत आपले आपण गेले पाहिजे. गेले तर पुढचे सारे गटार या मुलांचे. नाही गेले तर नाही.

त्या संध्याकाळी भाजी आणायला म्हणून मी बसस्थानकाच्या वाटेने गेले. टपरीपुढच्या बाकावर, रस्त्याकडे पाठ करून, सुमेध बसलेला होता. शेजारचा माणूस काहीतरी सांगत होता आणि तो मान हलवत होता. हाक मारावी असे फार वाटले. मारली नाही. त्याला हाक मारणारे आधीच पुष्कळ होते. मी मेथीची जुडी घेतली आणि घरी आले. त्या मेथीची भाजी मी केली की नाही, ते आठवत नाही.

सकाळी मी कडुनिंबाखाली पोहोचले तेव्हा तो माझ्याआधी आला होता. पायाशी बाभळीच्या तासलेल्या खुंट्यांची मोळी होती. “अकरा हायत,” तो म्हणाला. मग गटाराकडे बोट करून, “फोडायचं कशाला बाई? उतार आपन घातलाच न्हाय, तर आता वरनं घालू. वरल्या टोकाला जाड थर, खालच्या टोकाला काहीच न्हाय.”

हणमंतरावांनी मिशीवरून हात फिरवला, वरच्या टोकाशी जाऊन घरांच्या मोऱ्यांचे पाइप किती उंचीवर उघडतात ते पाहिले आणि मान डोलावली. मी भिंतीच्या पांढऱ्या पट्ट्यावर हिशेब मांडला. पंचवीस मीटर लांबी. दर अडीच मीटरला एक खुंटी. दोन्ही टोके धरून खुंट्या अकरा, मधली अंतरे दहा. प्रत्येक अंतराला एक सेंटिमीटर उतार. म्हणजे वरच्या टोकाला दहा सेंटिमीटरचा थर, पुढे नऊ, आठ, सात, आणि शेवटी शून्य. पूजाने विचारले की मग नळीचे काय, ती फुकट गेली का. सुमेधनेच उत्तर दिले. समतलाची रेघ आधी पक्की असेल, तरच तिच्यापासून किती खाली जायचे ते मोजता येते. रेघच वाकडी असती तर उतार कुठून मोजला असता?

मी खडूसारखा धरलेला विटेचा तुकडा खाली ठेवला. मला यापेक्षा चांगले सांगता आले नसते. आणि त्या क्षणी माझ्या स्वतःच्या वर्गाविषयी मला काही कळले, जे एकतीस वर्षांत कळले नव्हते. सर्वांना सारखे वागवणे ही रेघ आहे. ती हवीच. पण तिच्यावर थांबले तर मागच्या बाकावरचे पाणी जिथल्या तिथे उभे राहते. कुणाच्या पायाखाली दहा सेंटिमीटरचा थर घालावा लागतो, कुणाला नऊ, कुणाला काहीच नाही. मी याला पक्षपात समजत आले होते.

पुढचे पाच दिवस मुलांनी छिन्नीने तळ खरबरीत केला, म्हणजे नवा थर जुन्याला धरून बसावा, आणि खुंट्यांना दोरी बांधून थर घातला. बुधवार जवळ आला तसा नवा प्रश्न उभा राहिला: पान वाहून न्यायला पाणी कुठून आणायचे? भर उन्हाळ्यात टँकरचे पाणी गटारात ओतायला मागण्याची माझी हिंमत नव्हती आणि मागितले असते तरी मिळाले नसते. पूजा घरोघरी गेली. बुधवारी सकाळचे अंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी कुणी टाकू नका, साठवून ठेवा, आणि सगळ्या मिळून एकाच वेळी वरच्या टोकाला ओता, एवढे तिचे मागणे होते.

बायकांनी तिला काय काय ऐकवले ते तिने नंतर हसत सांगितले. एकीने विचारले, नवऱ्याचं घर सोडलं ते गटाराची वर्गणी गोळा करायला का. दुसरी म्हणाली, माझ्या घरात पाणी शिरतं तेव्हा नगरपालिकेला म्हणावं येऊन घेऊन जा. प्रत्येकीच्या दारात भिंतीवर गेल्या वर्षीच्या पाण्याची जी गढूळ रेघ उमटलेली होती, तिच्यावर पूजा फक्त बोट ठेवी. शेवंताकाकू मात्र बधली नाही. “ते माझ्या शेवग्याचं पानी हाय,” ती म्हणाली. “पोरीचं म्हननं खरं हाय, पन झाडाला काय सांगू?”

बुधवारी सकाळी गल्लीत मी असे दृश्य पाहिले जे त्याआधी कुठल्या सणालाही पाहिले नव्हते. बादल्या, घागरी, रंगाचे रिकामे डबे, एक बाळाचा टब. कशात साबणाचा फेस, कशात निळीचा रंग. वरच्या टोकाला बायका ओळीने उभ्या राहिल्या. अभियंत्यांनी पान खुडून सुमेधच्या हातात दिले. पूजाने हात वर केला आणि पाणी सुटले.

पान निघाले. पहिली खुंटी, दुसरी, तिसरी. आम्ही त्याच्या बरोबरीने दोन्ही काठांनी चालत होतो. सहाव्या खुंटीपाशी सिमेंटचा एक बारीक उंचवटा राहून गेला होता. पान तिथे अडले आणि आडवे झाले. मागचे पाणी ओसरू लागले. बायकांच्या बादल्या रित्या झाल्या होत्या.

इम्रानने काडी उचलली. सुमेधने त्याचा हात धरला.

“न्हाय,” तो म्हणाला. “पानी नेत आसंल तर नेऊ दे.”

त्याचा आवाज मी तेव्हा प्रथमच इतका स्पष्ट ऐकला. पान पोहोचले नाही तर पुढे बसस्थानकाच्या वाटेवरचा बाक होता, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. तरी त्याने काडी लावू दिली नाही.

मागे कडी वाजली. शेवंताकाकू बादली घेऊन दारातून बाहेर आली होती. कमरेत वाकलेली, पुटपुटत. “सरा बाजूला. झाडाला सांगितलंय म्या, आज उपास कर.” तिने वरच्या टोकाला बादली पालथी केली. पाण्याची जाडसर लाट आली, पानाला तिने उचलले, आणि सातवी, आठवी, नववी करत पान अकराव्या खुंटीपलीकडे मोठ्या नाल्यात दिसेनासे झाले.

टाळ्या वाजल्या नाहीत. हणमंतरावांनी टोपी काढून डोके पुसले. अभियंत्यांनी विचारले, “पुढच्या टप्प्याच्या खुणा कधी करताय?” आणि सुमेध म्हणाला, “हा उंचवटा घासून काढतो सर, मंग लगीच.” शेवंताकाकूने रिकामी बादली इम्रानच्या हातात दिली आणि बजावले की संध्याकाळी शेवग्याला भरून आणून दे, कुठून आणतोस ते मला विचारू नको.

त्या दिवशी मी वहीतला तो शब्द खोडायला घेतला. सुमेधने वहीवर हात ठेवला. खोडू नका, म्हणाला, खाली लिहा. मी लाल शाईने लिहिले: उतार शून्य. चूक शिक्षकाची. सही केली, आणि वही त्याला देऊन टाकली. ती घेताना त्याने खाली पाहत सांगितले की त्या संध्याकाळी तो टपरीवर गेला होता. “बसलो व्हतो. त्यो मानूस लई बोलत व्हता. पन तुमी सायबाला जे म्हनलात ते कानातनं जाईना. मंग उठलो, आन् बाभळीकडं गेलो.” मी त्याला पाहिले होते, हे मी त्याला आजवर सांगितलेले नाही.

ते गटार पावसाच्या आधी पुरे झाले. त्यानंतरच्या पावसात खालच्या गल्लीत काय घडले, हे मी सांगत नाही, कारण काहीच घडले नाही. घरे कोरडी राहिली, आणि कोरड्या घराची कुणी गोष्ट सांगत नसते. सुमेधचे सहीचे सोमवार पुढे संपले. हणमंतराव आता कामावर येत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत, पण यात्रेचा नेम त्यांनी सोडलेला नाही. पूजा दुसऱ्या गावच्या कामावर मोजणी करते. इम्रान अजूनही बोलतो.

परवा मी अशीच गाळाच्या ढिगाशेजारी थांबले होते. पलीकडे नव्या वस्तीत गटाराचे काम सुरू आहे आणि तिथे सुमेध मिस्त्री नव्या सहा जणांना शिकवत होता. कानावर पेन्सिल. त्याने मुलांना मातीत वीतभर रुंद चर खणायला लावला होता, नळीने अगदी समतल, आणि आता त्यात तांब्याभर पाणी ओतून वर कडुनिंबाचे पान सोडले होते. पान हलत नव्हते. पहिल्याच दिवशी तो प्रत्येक नव्या तुकडीकडून ही चूक करवून घेतो, असे मला इम्रानने सांगितले होते; परवा ती मी डोळ्यांनी पाहिली. सहा जण चराभोवती वाकून, पान का हलत नाही, याचा विचार करीत होते. तो उत्तर सांगत नव्हता. त्याला घाई नव्हती.

माझ्याकडे लक्ष जाताच तो उठला. “ह्या आमच्या बाई,” त्याने मुलांना सांगितले. “ही चूक आमाला ह्यांनी शिकवली.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला जे काही सन्मान मिळाले असतील, ते सारे एका पारड्यात ठेवले तरी या वाक्याचे पारडे जड होईल. त्याने नळीचे एक टोक माझ्या हातात दिले, “धरा बाई जरा,” म्हणाला, आणि दुसरे टोक चराच्या पलीकडे उभ्या असलेल्या एका मुलीकडे दिले. ती सगळ्यांच्या मागे, थोडी वेगळी उभी होती. तिने टोक दोन्ही हातांनी घट्ट धरले. पाणी डुचमळले, खालीवर झाले आणि दोन्हीकडे एका उंचीवर येऊन थांबले.

मी तिला तिचे नाव विचारले. तिने सांगितले. मी ते तिच्यासमोर मोठ्याने एकदा म्हटले, आणि घरी येईपर्यंत वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत आले.